उस्ताद मन्सूर : एका पाहणाऱ्याचे चरित्र



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा आभारी आहे. आयुष्यभर मराठी साहित्य शिकविलेल्या माणसाने एका चित्रकारावर, तोही मोगल दरबारातल्या चित्रकारावर, का बोलावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याला माझी दोन उत्तरे आहेत. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत चित्रकला शिकवीत. त्यांच्या नावाने होणारे एखादे तरी व्याख्यान चित्रकलेवर असावे, हे योग्यच आहे. दुसरे उत्तर असे की, या चित्रकाराच्या कारकिर्दीतले एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या गोव्यातून सुरू होते. ते पुढे ओघाने येईलच.

चित्रकाराचे नाव उस्ताद मन्सूर. अकबराच्या अखेरच्या काळात आणि जहांगीराच्या कारकिर्दीत, म्हणजे स्थूलमानाने 1590 ते 1627 या काळात, त्याने पशू, पक्षी आणि फुले यांची चित्रे काढली. वन्यजीवांचे जलरंगातील चित्रण हा शब्दप्रयोग आज आपण ज्या अर्थाने करतो, त्या अर्थाचा आपल्या देशातला पहिला थोर चित्रकार म्हणून त्याचेच नाव घ्यावे लागते.

चरित्र नसलेला चरित्रनायक

चरित्रावर बोलावयाचे तर पहिली अडचण अशी की, मन्सूरला चरित्र नाही. त्याचे जन्मवर्ष ठाऊक नाही, मृत्युवर्ष ठाऊक नाही. गाव, आईबाप, बायकामुले यांविषयी एक अक्षर उपलब्ध नाही. अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त दरबारातील नामांकित चित्रकारांची नावे दिली आहेत. त्या सतरा नावांत मन्सूर नाही. जुन्या पोथ्यांच्या पानांवर त्याच्या नावापुढे 'नक्काश' असा शब्द आढळतो. नक्काश म्हणजे वेलबुट्टी काढणारा, पाने सजविणारा कारागीर. यावरून तो आरंभी सजावटीचे काम करीत असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे.

आपल्याला, मराठी माणसांना, ही स्थिती नवीन नाही. आपल्या कितीतरी संतकवींचे जन्मशक वादग्रस्त आहेत. निश्चित आहे ती अभंगाच्या शेवटची नाममुद्रा. मन्सूरचेही तसेच आहे. त्याची मुद्रा चित्राच्या कडेला बारीक अक्षरांत असते. तीत तो स्वतःला 'बंदा-ए-दरगाह', म्हणजे दरबाराचा दास, म्हणवतो आणि खाली नाव लिहितो. एवढ्या सामग्रीवर चरित्र लिहावयाचे, तर चित्रांनाच साक्षीला बोलवावे लागते.

कारखाना आणि हात

अकबराचा चित्रशाळेचा विभाग म्हणजे एक कारखानाच होता. एकेक चित्र अनेक हातांतून जाई. ज्येष्ठ चित्रकार रेखन करी, त्याला 'तरह' म्हणत. कनिष्ठ रंग भरी, ते 'अमल'. चेहरे काढण्यासाठी कधी तिसराच माणूस असे. बाबराच्या आत्मचरित्राचे फारसी भाषांतर अब्दुर्रहीम खानखानान याने 1589 मध्ये अकबराला सादर केले आणि त्याच्या सचित्र प्रती तयार होऊ लागल्या. बाबराने हिंदुस्थानातील प्राण्यांचे वर्णन मोठ्या बारकाईने केले होते. त्या पानांना चित्रे हवी होती. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या प्रतीत अशी काही पाने मन्सूरच्या नावाची आहेत. पशुपक्ष्यांची वाट त्याला येथे सापडली, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच्या माध्यमाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. जलरंग म्हटले की आपल्यापुढे पाश्चात्त्य पद्धतीचा पारदर्शक, ओला, वाहता रंग येतो. मन्सूरचे जलरंग निराळे. खनिजे, माती व वनस्पतींपासून केलेले रंग खलून, डिंकाच्या पाण्यात कालवून ते वापरीत. निळ्यासाठी बदख्शानचा लाजवर्द, पांढऱ्यासाठी सफेदा. कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून 'वसली' करीत. मग खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने रंगाचे थरावर थर द्यावयाचे आणि मधूनमधून कागद पालथा घालून मागच्या बाजूने अकीकाच्या दगडाने घोटावयाचा, म्हणजे रंग कागदात मुरून चकाकी येई. शेवटी 'परदाज', म्हणजे अगदी बारीक ठिपके व रेघा. पक्ष्याच्या मानेवरची लव, पिसाची दांडी, पायावरचे खवले या परदाजातून उभे राहतात. एखाद्या चित्रावर कित्येक दिवस जात. घाई करणाऱ्याचे हे माध्यम नव्हे. विंझरच्या राजसंग्रहात मन्सूरच्या नावाचा एक रंग बदलणारा सरडा आहे. फांदीला धरून बसलेला तो सरडा पुढल्या क्षणी पाऊल उचलील असे वाटते. त्याच्या त्वचेचा दाणा नि दाणा मोजून घ्यावा.

गोव्याहून आलेला पक्षी

आता गोव्याकडे वळू. 1605 मध्ये जहांगीर गादीवर आला. त्याला दुर्मिळ वस्तूंचा आणि त्याहूनही दुर्मिळ प्राण्यांचा विलक्षण शोक होता. खंबायतच्या बंदराची व्यवस्था पाहणाऱ्या मुकर्रब खानाला त्याने गोव्यास जाऊन अपूर्व चिजा खरेदी करण्याची आज्ञा दिली. खान येथे आला, काही काळ राहिला, फिरंग्यांनी सांगितलेली किंमत मोजून त्याने खरेदी केली आणि 1612 मध्ये तो नजराणा दरबारात पोहोचला. त्यात काही प्राणी असे होते की, त्यांचे नावही तेथे कोणास ठाऊक नव्हते.

त्यांतला एक पक्षी म्हणजे टर्की कोंबडा. हा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतून स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. पुढे पोर्तुगीज जहाजांच्या मार्गाने तो आपल्या किनाऱ्याला लागला आणि येथून उत्तरेला गेला. जहांगीराने आपल्या 'जहांगीरनामा' या आत्मचरित्रात त्याचे वर्णन केले आहे. त्याचा आशय असा : पक्षी लांडोरीहून मोठा, मोराहून लहान. माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवितो. त्याच्या डोक्याचा व गळ्याचा रंग एकसारखा बदलतो. कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा, कधी फिरोज्यासारखा. डोक्यावरचा मांसल तुरा कधी हत्तीच्या सोंडेप्रमाणे वीतभर लोंबतो, तर कधी आखडून गेंड्याच्या शिंगासारखा दोन बोटे उभा राहतो. डोळ्यांभोवतीचा निळा रंग मात्र कधी बदलत नाही.

हे शेवटचे वाक्य माझ्या मते फार मोलाचे आहे. सगळे बदलत असताना न बदलणारी एक गोष्ट बादशहाच्या ध्यानात आली. हे एका दृष्टिक्षेपाचे काम नव्हे. पुनःपुन्हा जाऊन पाहिल्याशिवाय असे वाक्य लिहिता येत नाही. त्याच ठिकाणी जहांगीराने आणखी एक विचार मांडला आहे. पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णने लिहून ठेवली, पण चित्रकारांकडून चित्रे करवून घेतली नाहीत. आपण मात्र ती काढावयास लाविली, म्हणजे ऐकून वाटणारे आश्चर्य पाहून वाढेल. शब्द जेथे थांबतात तेथून कुंचल्याने पुढे जावे, अशी ही योजना होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात टर्कीचे जे चित्र आहे, ते मन्सूरचे मानले जाते. गोव्याच्या बंदरातून गेलेला पक्षी आज तेथे उभा आहे.

गोव्याचा आणखी एक धागा आहे. 1579 च्या अखेरीस येथून निघालेले जेझुइट पाद्री 1580 मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोहोचले. त्यांच्याबरोबर छापील चित्रांची पुस्तके गेली आणि पुढेही जात राहिली. मोगल चित्रकारांनी त्या ताम्रपटछापांचा अभ्यास केला. मन्सूरकालीन फुलांच्या चित्रांवर युरोपीय वनस्पतिचित्रांची छाया अभ्यासकांनी दाखविली आहे. अनुकरणाचा दोष लावण्याचे मात्र कारण नाही. छापील चित्रातून त्या चित्रकारांनी मांडणी घेतली. रंग, पोत आणि जिवंतपणा मात्र समोरच्या वस्तूतून घेतला.

उपमेतून सुटलेला पक्षी

येथे मी माझ्या विषयाकडे, म्हणजे साहित्याकडे, थोडा वळतो. आपल्या काव्यात पक्ष्यांना तोटा नाही. चकोर चांदणे पितो, चातक पावसाच्या थेंबाची वाट पाहतो, हंस दुधातले पाणी वेगळे करतो, चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट सोसते. संस्कृत कवींपासून ज्ञानदेवांपर्यंत आणि पुढे पंडित कवींपर्यंत या पक्ष्यांनी किती अर्थ वाहून नेला! ती परंपरा थोर आहे आणि तिच्यावरच माझा पिंड पोसला आहे. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या काव्यातला चकोर हा पक्षी नाही; तो भक्ताच्या उत्कंठेचे नाव आहे. कवीला भक्त पाहावयाचा होता, पक्षी नव्हे.

मन्सूरने पक्षी पाहिला. त्याचा क्रौंच कोणाच्या विरहाचे प्रतीक नाही. तो फक्त स्वतः आहे. त्याच्या पायाच्या सांध्यावरची सुरकुती, चोचीच्या मुळाशी असलेली उघडी तांबडी कातडी, पिसांची एकावर एक बसण्याची रीत, यांखेरीज त्या चित्राला दुसरा अर्थ नाही, आणि तेवढा अर्थ त्याला पुरतो. आपल्याकडे या दृष्टीने पाहणारी माणसे मराठीत फार उशिरा आली. मारुती चितमपल्ली यांनी रानावनांत हिंडून, वनवासी लोकांना विचारून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि 'पक्षिकोश' सिद्ध केला, तेव्हा आपल्या भाषेतले पक्षी उपमेच्या पिंजऱ्यातून बाहेर आले. 2025 मध्ये चितमपल्ली गेले. मन्सूरच्या आणि त्यांच्या साधनांत काहीच साम्य नाही, पण समोरच्या जीवाला त्याच्याच रूपाने ओळखण्याचा आग्रह दोघांचा सारखा आहे.

नादिर-उल्-अस्र

मन्सूरच्या कीर्तीचा कळस 1618 च्या सुमारास दिसतो. जहांगीराने चित्रकार अबुल हसन याला 'नादिर-उझ्-झमान' असा किताब दिल्याची हकीकत लिहिली आणि तेथेच मन्सूरच्या 'नादिर-उल्-अस्र' या किताबाचाही उल्लेख केला. अर्थ दोन्हींचा एकच : आपल्या काळातला अद्वितीय. या दोघांना वडिलांच्या राज्यात किंवा आपल्या राज्यात तिसरा जोडीदार नाही, असा त्याचा अभिप्राय होता. हा अभिप्राय देणारा बादशहा स्वतः जाणता होता. एकाच चित्रात चेहरा एकाने, डोळे व भुवई दुसऱ्याने काढली असली तरी कोणाचा हात कोणता हे आपण ओळखू, असा त्याला अभिमान होता.

यानंतरच्या तीन वर्षांतले तीन प्रसंग जहांगीराने नोंदविले आहेत. पहिला 1619 चा. इराणच्या शाह अब्बासाने एक दुर्मिळ ससाणा पाठविला. वाटेत एका मांजराने त्याला जखमी केले. दरबारात आल्यावर तो आठवडाभरही जगला नाही. त्याच्या पंखांवरच्या, पाठीवरच्या काळ्या खुणा इतक्या देखण्या होत्या की, बादशहाने मन्सूरला त्याची प्रतिमा काढून ठेवावयास सांगितले.

दुसरा 1620 चा, काश्मिरातला. त्या वसंतऋतूत मन्सूर बादशहाबरोबर होता आणि तेथील शंभराहून अधिक फुलांची चित्रे त्याने काढली, असे जहांगीर लिहितो. त्यांतली फार थोडी उरली आहेत; अलीगढच्या ग्रंथालयातील तांबडी ट्युलिप त्यांतली प्रसिद्ध. याच प्रवासात सुखनागच्या प्रवाहाकाठी बादशहाला एक लहान पक्षी दिसला. तो पाण्यात बुडी मारी, बराच वेळ आत राही आणि भलत्याच ठिकाणी वर येई. याच्या बोटांना बदकासारखा पडदा आहे की जमिनीवरच्या पक्ष्यांसारखी बोटे सुटी आहेत, असा प्रश्न बादशहाला पडला. दोन पक्षी पकडले. एक लगेच मेला, दुसरा एक दिवस जगला. बोटे सुटी होती. मग मन्सूरला चित्र काढण्याची आज्ञा झाली. आज आपण त्या पक्ष्याला डिपर म्हणून ओळखतो.

तिसरा प्रसंग 1621 चा. हबसाणातून आणलेला झेब्रा दरबारी आला. अंगावरचे पट्टे इतके रेखीव की, कोणी रंगवून आणले असावेत असा संशय आला. तपासणी झाली आणि ती निसर्गाचीच करणी ठरली. तो प्राणी पुढे शाह अब्बासाला भेट म्हणून गेला. मन्सूरने त्याचे चित्र काढले आणि त्याच्या कडेला जहांगीराने स्वतःच्या हाताने प्राणी कोठून आला, कोणी आणला, कोणी रेखाटला आणि वर्ष कोणते, हे लिहून ठेवले. स्थळ, काळ, आणणारा, पाहणारा. आजचा प्राणिशास्त्रज्ञ आपल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर याहून निराळे काय लिहितो?

या पाहण्याची किंमत

तथापि या दरबाराचे केवळ गुणगान करून भागणार नाही. सारसाच्या जोडप्याने अंडी कशी उबविली, नर किती वेळ बसला, मादी किती वेळ, हे कौतुकाने टिपून ठेवणारा जहांगीर हाच मोठा शिकारी होता. बाराव्या वर्षापासून सुमारे पन्नाशीपर्यंत आपल्या समक्ष 28,532 प्राणी मारले गेले आणि त्यांतले 17,167 आपण स्वतः मारले, असा हिशेब त्याने स्वतःच देऊन ठेवला आहे. डिपरच्या बोटांचे कुतूहल दोन पक्ष्यांच्या जिवावर भागले. मन्सूरने काढलेले कित्येक प्राणी पकडलेले, भेट आलेले, आपल्या मुलुखापासून हजारो कोसांवर आणलेले होते. म्हणूनच कदाचित त्यांच्यामागे रान नाही. कोरी पार्श्वभूमी, पायांपाशी दोन झुडपे, एवढेच.

मग चित्रकाराने काय केले? त्याने आपल्या हाती होते ते केले. झेब्र्याच्या चित्रात त्याचा लगाम आणि त्याला बांधलेली दोरी मन्सूरने लपविली नाही. बंदी प्राणी त्याने मुक्त करून दाखविला नाही, आणि दरबाराला शोभावा म्हणून सजविलाही नाही. समोर आलेल्या जीवाशी खोटे बोलावयाचे नाही, एवढा नियम त्याने पाळला, असे त्याची चित्रे सांगतात.

साक्ष

या नियमाचे मोल किती, हे समजावयास तीन शतके जावी लागली. कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये मन्सूरच्या नावाची दोन चित्रे आहेत. एक बंगाली तणमोराचे, दुसरे सायबेरियन क्रौंचाचे. क्रौंचाचे शास्त्रीय वर्णन पीटर सायमन पल्लास याने 1773 मध्ये केले. तणमोराचेही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच झाले. मन्सूरची चित्रे त्याआधीची, सुमारे दीडशे वर्षांची. हे क्रौंच दरवर्षी हिवाळ्यात सायबेरियातून आग्र्याजवळ भरतपूरच्या पाणथळीत उतरत. त्यांची संख्या घटत गेली आणि 2002 नंतर ते तेथे आले नाहीत. कोलकात्याच्या चित्रातला क्रौंच आहे तेथेच आहे, भरतपूरचा गेला.

त्याहूनही हृदयद्रावक कथा डोडोची. मॉरिशस बेटावरचा हा न उडणारा पक्षी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पृथ्वीवरून नाहीसा झाला. सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहातले त्याचे एक मोगल चित्र 1958 मध्ये अभ्यासकांपुढे आले. त्यावर सही नाही, पण ते मन्सूरचे मानतात. मध्यभागी डोडो आणि भोवती आपल्या ओळखीचे पक्षी : पट्टकादंब, पखुर्डी, हिमालयातला ट्रॅगोपन, एक चिमुकला पोपट. सूरतेला दोन डोडो पाहिल्याचे पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे. तो 1628 ते 1634 या काळात हिंदुस्थानात होता. म्हणजे डोडो जिवंतपणी आपल्या देशात आला होता. युरोपात डोडोची चित्रे पुष्कळ झाली, पण त्यांतली बरीच एकमेकांवरून उतरविलेली किंवा पेंढा भरलेल्या नमुन्यावरून केलेली. मोगल चित्रातला डोडो जिवंत पक्षी पाहून काढलेला दिसतो. म्हणून तो पक्षी खरोखर कसा होता हे ठरविताना पक्षिशास्त्रज्ञ या चित्राची साक्ष काढतात.

या चित्रांकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहण्याची सुरुवात आपल्याकडे डॉ. सालिम अली यांनी केली. मोगल बादशहांच्या निसर्गप्रेमावरील त्यांची लेखमाला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1927-28 मध्ये आली. पुढे अशोककुमार दास यांनी मन्सूरवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याला चरित्र नव्हते त्याच्या चित्रांना असे चरित्रकार मिळाले.

1627 मध्ये काश्मिराहून परतताना जहांगीर वारला. त्यानंतर मन्सूरविषयी काही ऐकू येत नाही. शाहजहानच्या काळात फुले पुष्कळ आली, परंतु ती चित्रांच्या हाशियांत आणि इमारतींच्या भिंतींवर नक्षी होऊन आली. नक्काशीकडून निसर्गाकडे गेलेली वाट पुन्हा नक्काशीकडे वळली.

मित्रहो, समारोप करतो. आपल्या शाळांतून चित्रकलेच्या तासाला अलीकडे दुय्यम स्थान मिळते; परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्याच तासाचा जातो. हात चांगला असणारी मुलेच चित्र काढोत, इतरांना त्याचे काय, असे पालकही म्हणतात. मन्सूरकडून शिकावयाचे ते हे की, चित्रकलेत हाताचे शिक्षण दुसरे. पहिले शिक्षण डोळ्याचे. जो विद्यार्थी एका दयाळाकडे किंवा खंड्याकडे दहा मिनिटे स्थिर पाहू शकतो, तो कवितेची ओळही नीट वाचील आणि प्रयोगशाळेतले निरीक्षणही खरे लिहील. म्हणून विद्यार्थ्यांना माझे एकच सांगणे आहे. आठवड्याला एक पक्षी, एक पान, एक फूल वहीत काढा. चांगले येवो न येवो. खाली स्थळ आणि तारीख मात्र लिहा. आपल्या शेतातली, खाजणातली, डोंगरातली कोणती गोष्ट उद्या नसणार, हे आज आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. ती होती आणि अशी होती, हे सांगणारा एक तरी कागद या शाळेच्या कपाटात असावा.